दुखतंय म्हणायचे आठ दिवस

“डॉक्टर, तुमचे पाय दाखवता का?”

मी विचारलं आणि आईचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. बाबा लगेच भिंतीवरच्या पायाच्या सांगाड्याच्या चित्राकडं बघायला लागले. असे, की ही मुलगी नेमकी कुणाबरोबर आलीय ते त्यांना ठाऊकच नाही.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. आता मी बारावीत आहे, आता मी कुणालाही काहीही विचारू शकते. पण ही गोष्ट नववीतली, आणि नववीतली मनवा कोरे म्हणजे पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसणारी. आदल्या दिवशी तासगावच्या आमच्या व्यायामशाळेत आफरीन म्हणाली होती, “मिरजेला पायाच्या डॉक्टरणीकडं चाललीयस ना? मग तिला म्हणायचं, आधी तुमचे दाखवा. लोकांचे पाय सरळ करते, स्वतःचे कसे हायत बघू तरी.”

“हिच्यानं होतंय व्हय?” पूर्वजा म्हणाली. “मोठ्या माणसांसमोर ही मांजर असते, मांजर.”

“नाही विचारलंस तर महिनाभर गाद्या तू एकटीनं उचलायच्या,” आफरीननं ठरवून टाकलं.

दोरावरचा मल्लखांब करताना खाली ज्या गाद्या टाकतात ना, त्या. एकेक गादी उचलायला तीन पोरी लागतात आणि तिला वीस वर्षांच्या घामाचा वास असतो. पण गाद्यांचं जाऊ दे. मांजर म्हणाली ना? मग झालं.

“लहान आहे हो अजून,” आई डॉक्टरांना म्हणाली. “मनावर घेऊ नका.”

डॉक्टर अक्कोळे पन्नाशीच्या होत्या. बॉयकट केलेले पांढरे केस, आणि चेहऱ्यावर हसू आहे की नाही ते कळायला मार्गच नाही. त्यांनी खुर्ची मागं सारली. वाकून बूट काढले, मोजे काढले आणि दोन्ही पाय फरशीवर आणून माझ्यासमोर मांडले.

उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी डिट्टो माझ्यासारखी गाठ. अंगठा तिरका होऊन शेजारच्या बोटावर रेललेला. आणि डावा पाय? सरळ. आतल्या कडेनं एक फिकट रेघ, बस्स.

“डावा दुखायचा,” डॉक्टर म्हणाल्या. “ऑपरेशन करून घेतलं. उजवा दुखत नाही. त्याला हात लावला नाही.”

“पण तो तसा दिसतो की,” बाबांच्या तोंडून निघून गेलं.

“दिसतो ना. दिसण्यासाठी मी कुणाचं हाड कापत नाही. स्वतःचंही नाही.” त्यांनी मोजे चढवले. “झालं बघून? आता तुझे.”

मी पाय वर घेतले. डाव्याची गाठ लाल झालेली होती, कारण सकाळी एसटीत उभं राहून आले होते. डॉक्टरांनी अंगठा धरून वर-खाली केला, बाजूला ओढला, मग मला उभं करून टाचा उचलायला लावल्या. मग एक्स-रे. मग तो एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावून त्यांनी मला बोलावलं. मला, आईबाबांना नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची हाडं बघत होते आणि खरं सांगते, मला ती फार आवडली.

“ही गाठ म्हणजे वर उगवलेलं काही नाही,” त्या म्हणाल्या. “पायाचं हे लांब हाड बाहेर सरकलंय आणि अंगठा आत. दोघांचा कोपरा तयार झालाय, तोच बाहेरून गाठ म्हणून दिसतो. याला बनियन म्हणतात.”

“बनियन?” मी फिस्सकन हसले. “अंगातला?”

“दर आठवड्याला एकजण तरी हे विचारतो,” डॉक्टर म्हणाल्या. अजूनही हसू नाही.

“एवढंच ना?” बाबा पुढं सरकले. त्यांचं बाजारपेठेत कोरे फूटवेअर आहे, तीस वर्षं. पायाच्या बाबतीत त्यांना कुणी शिकवलेलं चालत नाही. “मग वरच्यावर तासून टाका की. चपलेचा खिळा वर आला तर आम्ही ठोकून सपाट करतो. पोरीचं हाड कापायचं, स्क्रू घालायचा म्हणतात, हे कशाला?”

“नुसतं तासलं तर हाड सरकलेलंच राहतं. दोन-चार वर्षांत परत तेच.” त्यांनी कागद ओढला आणि पायाचं चित्र काढलं. त्यांना चित्र अजिबात काढता येत नव्हतं, बटाट्याला बोटं फुटल्यासारखं दिसत होतं. “पहिला मार्ग, काहीच करायचं नाही. पुढून रुंद बूट, दोन बोटांच्या मध्ये रबराची उशी, पायाचे व्यायाम. त्यानं अंगठा सरळ होत नाही, पण पुष्कळांचं दुखणं राहतं आटोक्यात.”

“सहा महिने केलं ते,” मी म्हणाले. आमच्या तासगावच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. तेव्हापासून मी शाळेत मुलांचे बूट घालत होते आणि पूर्वजा मला इन्स्पेक्टर म्हणत होती.

“मग दुसरा मार्ग. इथं, अंगठ्याच्या जरा मागं, हाड कापून आत सरकवायचं आणि स्क्रूनं पक्कं करायचं. हे चीर देऊन करता येतं, नाही तर तीन-चार बारीक छिद्रांतून. तिचा कोन मध्यम आहे, छिद्रांतून जमेल. तिसरा मार्ग फार वाकलेल्या, सैल पायांसाठी. तिथं मागचा सांधाच जोडून टाकतात. त्याची हिला गरज नाही.”

“आणि वय?” आईनं विचारलं. “लहानपणी केलं तर परत येतं म्हणतात.”

“वाढ चालू असताना केलं तर जास्त येतं. हिच्या हाडांची वाढ संपलीय, हे बघा, या पट्ट्या मिटल्यात. तरी परत येणारच नाही असं मी लिहून देणार नाही. सांधा थोडा आखडू शकतो. अंगठ्याच्या कडेला बधिरपणा राहू शकतो.”

“आणि बरं व्हायला?” हे मी.

“दुसऱ्या दिवशी घरी. दोन आठवडे पाय उशीवर, उंच. मग टाके काढायचे. सहा आठवडे एक वेगळा बूट, त्यात भार टाचेवर. मग पुढून रुंद असे खेळायचे बूट. सूज चारसहा महिने येत-जात राहते, कुणाकुणाला वर्षभर. एका वेळी एकच पाय. धावणं चौथ्या महिन्याच्या पुढं.”

“आणि दोर?”

बाबा आणि आई दोघांनीही माझ्याकडं बघितलं. हा प्रश्न घरी कुणी काढला नव्हता.

तर दोराचं असं आहे. मल्लखांबाच्या दोरावर चढताना दोर पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरायचा असतो. बाकीच्या पोरींना ती पकड बसवायला वर्ष-वर्ष लागतं. माझा अंगठा आधीच शेजारच्या बोटावर दाबून बसलेला, त्यामुळं दोर एकदा आत गेला की सुटायचं नावच नाही. सूर्यवंशी सर म्हणायचे, “बाकीच्यांना मी शिकवतो. हिला देवानंच शिकवून पाठवलंय.” सगळ्या व्यायामशाळेत माझं नाव चिमटा. जिल्ह्याच्या स्पर्धेत मी पंधरा फुटांवर दोर अंगठ्यात धरून, डोकं खाली करून दोन्ही हात सोडले तेव्हा खाली जी टाळी पडली, ती मला उलटी ऐकू आली. उलटी टाळी जिनं ऐकलेली नाही तिला मी काय सांगू!

मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“सहा महिने तरी नाही. आणि नंतर तीच पकड बसेल की नाही, मला माहीत नाही. अंगठा सरळ होणार म्हणजे तो चिमटा जाणार. नवा शिकावा लागेल. येईलही, नाहीही.”

बरं वाटलं का वाईट, ते मला तेव्हा कळलं नाही. बाबांना मात्र बरं वाटलेलं स्पष्ट दिसलं.

“दुखतं का?” डॉक्टरांनी विचारलं.

“तसं काही विशेष नाही,” आई म्हणाली. “माझा पण असाच आहे. मी नाही का चालत?”

“थोडंफार असतंय,” बाबा म्हणाले. “वाढत्या वयात.”

“मी तिला विचारलं.”

“नाही,” मी म्हणाले. बघा, कसं आपोआप आलं! पाय खाली सोडलेला, गाठ ठणकतेय, आणि मी म्हणाले नाही.

डॉक्टरांनी माझ्या लाल गाठीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, “ऑपरेशन दुखण्याचं असतं. दुखत नसेल तर विषय संपला. दुखत असेल तर किती, ते मला कळलं पाहिजे. आज मी औषध देत नाही. फक्त एक काम. आठ दिवस, जेव्हा जेव्हा दुखेल तेव्हा मोठ्यानं म्हणायचं, दुखतंय. जिथं असशील तिथं. पुटपुटायचं नाही. आठ दिवसांनी काय ते तूच ठरव आणि मला कळव.”

“हे काय औषध झालं?” बाहेर आल्यावर बाबा म्हणाले. “एवढी तपासणी करून म्हणे, बोंबलत फिरा.”

परतीच्या एसटीत जागा नव्हती. कवलापूर गेलं आणि डावा पाय पेटला. मी दांड्याला लोंबकळत होते, समोर पन्नास माणसं, आई शेजारी. माझे कान गरम झाले. तोंड उघडलं, मिटलं. मग मी डोळे घट्ट मिटले आणि ओरडले, “दुखतंय!”

अख्खी एसटी वळली. कंडक्टर तिकिटं फाडता फाडता थांबला. “काय दुखतंय गं?”

“अंगठा. पायाचा.”

“मग उभी कशाला? ओ टोपी, उठा जरा, पोरीला बसू द्या.”

टोपीवाले आजोबा उठायला लागले, मी नको नको म्हणतेय, आई पदर तोंडावर घेतेय. शेवटी एका कॉलेजच्या पोरानं जागा दिली. बसल्यावर मला जाणवलं की मी इतकी वर्षं एसटीनं हिंडतेय आणि मला बसायला मिळू शकतं हे मला माहीतच नव्हतं.

तर तो पहिला दिवस.

दुसऱ्या दिवशी शाळेत चार वेळा. प्रार्थनेला उभं असताना एकदा, आणि बीजगणिताच्या तासाला एकदा. बाई फळ्याकडं तोंड करून समीकरण सोडवत होत्या. “कोण ते?” त्या न वळताच म्हणाल्या. “समीकरण अजून अर्धं पण झालं नाही आणि दुखायला लागलं?” वर्ग हसला. मीही हसले. पण दुखत होतंच.

तिसऱ्या दिवशी व्यायामशाळा. आमच्याकडं एक रीत होती, कुणी लिहून ठेवलेली नाही, पण पहिल्या दिवसापासून सगळ्यांना पाठ. दोरावर तोंड उघडायचं नाही. दोरानं काख सोलते, मांडी भाजल्यासारखी लाल होते, पोरी ते वळ एकमेकींना बांगड्या दाखवाव्यात तसे दाखवतात. जिचा वळ मोठा, तिचा मान मोठा. जी आई गं म्हणाली ती आठवडाभर ‘आईगं’. मी सहावीत आले तेव्हापासून एकदाही म्हणाले नव्हते. माझा सगळा रुबाब त्याच्यावरच तर होता.

मी दोर अंगठ्यात घेतला. पहिली ओढ घेतली आणि गाठीत सुई गेली, रोज जाते तशीच. मी वर, बारा-चौदा पोरी खाली, सूर्यवंशी सर शिट्टी तोंडात घेऊन उभे.

“दुखतंय!”

शिट्टी सरांच्या तोंडातून गळ्यावर पडली. “काय?”

“दुखतंय सर.”

“मग उतर खाली.”

“उतरायचं नाही. नुसतं सांगायचंय.”

आफरीननं ओढणी तोंडात कोंबली. सरांचा चेहरा लाल झाला. “कोरे, हे काय नाटक? दोर कुणाला दुखत नाही? दुखतंय म्हणूनच तो खेळ आहे. नाही तर झोपाळ्यावर बसा घरी जाऊन!”

“दोर दुखत नाही सर, अंगठा दुखतोय. दोर नसला तरी दुखतो. आता म्हणून नाही, तीन वर्षं झाली.”

मी ते म्हणाले आणि वर लटकून राहिले, कारण ते मी स्वतःही पहिल्यांदाच ऐकत होते. तीन वर्षं. कुणी मोजलीच नव्हती.

तेवढ्यात रांगेतली सगळ्यात बारकी, पाचवीतली समृद्धी, बोट वर करून म्हणाली, “सर, माझी काख दुखती. रोज.” तिच्या मागून दुसरी, “सर, माझं मनगट.” मग तिसरी. सरांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि छताकडं बघितलं. मी खाली उतरले, आणि पाच मिनिटं कुणीच दोराला हात लावला नाही. मग त्यांनी समृद्धीला जवळ बोलावून तिची बाही वर केली, काख बघितली, आणि तेलाची बाटली आणायला स्वतः गेले.

जाताना मला त्यांनी दारात थांबवलं. आवाज खाली आलेला. ऑपरेशनचं आफरीननं त्यांच्या कानावर घातलं होतं. “मनवा, ऑपरेशन करून घेशील तर ही पकड जाईल. ऑगस्टला जिल्हा, मग विभाग, मग राज्य. यंदा तुझं नाव राज्याला लागणार, हे मी डोळे मिटून सांगतो. पकड गेली तर तू बाकीच्या पोरींसारखी एक.”

मी घरापर्यंत चालत गेले आणि वाटेत एकदाही म्हणाले नाही, दुखत असून. बाकीच्या पोरींसारखी एक! रात्री जेवले पण नाही नीट. चिमटा नसलेली मी कोण, हे मला खरंच माहीत नव्हतं. चौथ्या दिवशीही मी गप्प. आफरीननं मधल्या सुट्टीत विचारलं, “औषध संपलं का गं?”

“सर म्हणतात पकड जाईल.”

“जाईल तर जाईल. तू वर असतेस ना, तेव्हा खालून तुझं तोंड दिसतं आम्हाला,” ती डब्यातला मसालेभात उकरत म्हणाली. “आम्हाला वाटायचं तू जोर लावतीयस. आत्ता कळतंय, रडत असतीस.”

“रडत नसते!”

“बरं. नसतीस. लोणचं दे.”

पाचव्या दिवशी रविवार, बाजाराचा दिवस. दुकानात गर्दी होती म्हणून बाबांनी मला बोलावलं. एक बाई सातवीतल्या पोरीला शाळेच्या बुटांसाठी घेऊन आली होती. बाबांनी चार नंबर घातला, अंगठ्यानं पुढून दाबून बघितला आणि नेहमीचं वाक्य म्हणाले, “पहिले आठ दिवस चावेल, मग बसेल पायाला.” पोरगी गप्प. तिची बोटं मला कातड्यातून दिसत होती, एकावर एक.

मी शिडीवर उभी होते, पाच नंबरचा खोका हातात. पाय ठणकला. मी काय बोलणार होते? दुकानात, गिऱ्हाइकासमोर, बाबांच्या समोर?

“दुखतंय!”

“काय झालं गं बाई?” ती बाई दचकली.

मी शिडीवरून उतरले, चप्पल काढली आणि पाय पुढं केला. “हे. तिला पाच नंबर द्या. चारमध्ये बोटं दुमडतायत.”

बाबांनी पाच नंबर काढून दिला. पोरीनं पाय घातला, आणि बोटं हलवून बघितली, आणि इतकी हसली! बाई गेली. दुपारी एकला बाबांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि डबा न उघडताच बसले.

“गिऱ्हाइकासमोर माझी अब्रू काढायची होती का?”

“नाही बाबा. दुखलं म्हणून म्हणाले.”

ते उठले. मागच्या मांडणीच्या अगदी वरच्या कप्प्यातून त्यांनी एक खोका काढला. आत काळ्या, पुढून टोकदार चपट्या बुटांचा एक जोड, कोरा. ते बूट मी लगेच ओळखले. पाचवी, सहावी, सातवी, मी तेच घालायचे.

“बारा जोड आणले होते,” बाबा बुटाच्या टोकावर अंगठा फिरवत म्हणाले. “तासगावात कुणी घेईना. पुढून फार अरुंद. मग म्हटलं, घरातच पोर आहे. तुझा नंबर पाच झाला तरी मी तुला चारच घालत राहिलो. तू कधी काही म्हणाली नाहीस.”

“तुम्ही म्हणायचा, चावेल आणि मग बसेल.”

“म्हणायचो.” त्यांनी बूट परत खोक्यात ठेवला. “आता पोरीच्या पायाचं ऑपरेशन म्हटल्यावर पेठेत काय बोलतील, सांग. कोरेच्या बुटांनी कोरेच्याच पोरीचा पाय मोडला.”

मला कळलं, तासून टाका, तासून टाका हे कशासाठी चाललं होतं. मी म्हणाले, “डॉक्टरांना फोन करून विचारा. पाय आईकडून आलाय, तुमच्याकडून बूट. दोघांचं मिळून आहे.”

“मग मला माफ करशील?”

“माफ-बिफ काही नाही. चार नंबरचं ते वाक्य बंद करा.”

त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी मला दिली. तो खोका त्या संध्याकाळी कुठं गेला, मी विचारलं नाही.

सहाव्या-सातव्या दिवशी मी एकूण एकोणीस वेळा म्हणाले. सातव्या सकाळी मी दात घासत होते, आई ओट्याशी भाकऱ्या थापत होती. मी बघितलं, ती डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर उभी होती, अंगठा जमिनीला न लावता. ती नेहमी तशीच उभी असते. मला वाटायचं तिची ती सवय आहे.

“दुखतंय,” कुणीतरी म्हणालं.

मी म्हणाले नव्हते. माझ्या तोंडात ब्रश होता.

आईचा हात परातीत थांबला. ती वळली नाही. तिच्या मानेला पीठ लागलं होतं.

“कधीपासून?” मी चूळ न भरताच विचारलं.

“तुझ्या वेळेस दिवस गेले होते तेव्हापासून.” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “जा, शाळेला उशीर होतोय.”

“आई, स्टूल आणू?”

“भाकऱ्या कुणी बसून करतं का?”

मी स्टूल आणलं. ती उभीच राहिली. पण तिसऱ्या भाकरीला बसली.

आठव्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. ताटात वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी. सातच वाजले होते, बाबा त्या दिवशी लवकर आले होते. आईच विषय काढणार हे मला दिसत होतं, कारण तिनं मला मागितल्याशिवाय तूप वाढलं.

“मी काय म्हणते,” ती म्हणाली. “मे महिन्यात दहावीची सुट्टीची बॅच आहे. फी भरून झालीय. बोर्डाचं वर्ष. ते होऊ दे, मग अकरावीत बघू. मी इतकी वर्षं काढली, तुला एक वर्ष निघेल.”

“माझंही तेच मत,” बाबा म्हणाले. “आता काही मला लोकांचं नाही. पण परीक्षा आहे. शिवाय तुझे ते सर दुकानात आले होते. राज्याचं म्हणत होते. एवढं नाव होतंय पोरीचं.”

सगळे माझ्या भल्याचंच बोलत होते. बॅच खरी, बोर्ड खरा, राज्य खरं. मी भाकरीचा तुकडा चटणीत बुडवला आणि खाल्ला. मग पाणी प्यायले. छाती अशी धडधडत होती जशी पंधरा फुटांवर हात सोडताना धडधडते.

“मी आज शाळेतून आल्यावर दवाखान्यात फोन केला,” मी म्हणाले. “आईच्या फोनवरून. सहा मे ठरलीय.”

दोघांचे घास हातात राहिले.

“डावा पाय. छिद्रांतून करतात ते. सहा आठवडे मी टाचेवर चालणार, म्हणजे सतरा जूनपर्यंत. पहिले दोन आठवडे बॅच बुडेल, पूर्वजा वह्या आणून देणार आहे. नंतर मी पाय खुर्चीवर ठेवून वर्गात बसेन, बॅचच्या सरांना चालत नसेल तर मी त्यांच्याशी बोलेन. सूर्यवंशी सरांना सांगितलंय की यंदा माझं नाव घालू नका. त्यांनी शिट्टी फेकली. फेकू दे. पकड परत आली तर शिकेन, नाही आली तर खांबाच्या मल्लखांबावर चढेन, नाही तर खाली उभी राहून समृद्धीला शिकवेन. उजव्या पायाला कुणी हात लावायचा नाही, तो दुखत नाही. आणि आईची तारीख वेगळी घेतलीय, पुढच्या गुरुवारी, नुसती तपासणी.”

“अगं, पण कुणाला विचारून?” आई म्हणाली.

“कुणालाच नाही.”

“मनवा,” बाबा म्हणाले, “पंधरा वर्षांची आहेस तू.”

“म्हणून तर सही तुम्ही करायची आहे,” मी म्हणाले. “विचारत नाहीये मी बाबा, सांगतेय. पाय माझा आहे आणि तो दुखतोय. ठरवून झालंय, फक्त सह्या राहिल्यात.”